समोरची खुर्ची

प्रिय निखिल वागळे,



हे पत्र खाजगीत पाठवता आलं असतं. पण तुम्ही आयुष्यभर चारचौघांत बोललात आणि चारचौघांतच मार खाल्लात. तुमच्याशी भांडायचं तर तेही चारचौघांतच बरं.

मी दिवा पूर्वेला राहतो. महापालिका ठाण्याची, विधानसभा कल्याण ग्रामीणची, लोकसभा कल्याणची आणि स्टेशन मध्य रेल्वेचं. तक्रार घेऊन निघालेल्या माणसाला प्रत्येक दारात शेजारच्या दाराचा पत्ता मिळतो. आमच्या आधी इथे दातिवली, बेतवडे, आगासन, साबे, म्हातार्डी ही आगरी गावं होती. त्यांची शेतं, त्यांची खाजणं गेली आणि तिथे आम्ही आलो. कुणी लालबाग-परळची खोली विकून, कुणी कोकणातून थेट, कुणी उत्तरेतून. आमचं बिऱ्हाड लालबागहून आलं. येताना वडिलांनी तुमचीही सवय बरोबर आणली होती.

वडील गिरणीतले आणि कट्टर शिवसैनिक. सकाळी 'सामना' आणि संध्याकाळी करी रोड स्टेशनाबाहेर 'आपलं महानगर'. संध्याकाळचा अंक ते तुम्हाला शिव्या घालण्यासाठी घ्यायचे, पण घ्यायचे रोज. अग्रलेख मोठ्याने वाचायचा, मध्येच थांबून "हा वागळे बघ काय म्हणतो" म्हणायचं, आणि मग शेजारच्या समाजवादी मास्तरांशी चाळीच्या गॅलरीत जेवणाची हाक येईस्तोवर वाद. त्या वादात जिंकायचं तर अंक नीट वाचलेला असावा लागे. माझं राजकीय शिक्षण त्या गॅलरीत झालं. तुमचा सर्वांत काळजीपूर्वक वाचणारा वाचक तुमचा विरोधक होता, हे लक्षात ठेवा. पुढे मी याच मुद्द्यावर येणार आहे.

तुमचा प्रवास तुम्हालाच सांगण्यात अर्थ नाही, पण हे पत्र इतरही वाचतील आणि त्यांतले पुष्कळ जण तुम्हाला फक्त मोबाइलच्या पडद्यावर ओळखतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, विशीच्या उंबरठ्यावरच, तुम्ही 'दिनांक' साप्ताहिकात आलात आणि कोवळ्या वयात संपादकाच्या खुर्चीवर बसलात. १९९०मध्ये 'महानगर' काढलंत. १९९१च्या ऑक्टोबरात शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली, त्याच सुमारास 'महानगर'च्या कचेरीवर हल्ला झाला. १९९२-९३च्या दंगलीनंतर श्रीकृष्ण आयोग बसला तेव्हा 'महानगर'चे वार्ताहर युवराज मोहिते यांनी बाळासाहेब ठाकरे यांच्या 'मातोश्री'वर आपण काय ऐकलं याची साक्ष दिली आणि आयोगाने तिची दखल घेतली. त्या काळातल्या मुंबईत एका सांजदैनिकाच्या वार्ताहराने हे सांगणं म्हणजे काय, ते गिरणगावात राहणाऱ्यालाच कळेल. पुढे १९९४मध्ये सभागृहावरच्या टीकेसाठी विधिमंडळाने हक्कभंग म्हणून तुम्हाला तुरुंगात पाठवलं.

मग टीव्ही आला. म्हणजे टीव्ही होताच. दूरदर्शनच्या सातच्या बातम्या सगळ्या चाळीला पाठ होत्या. पण मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या आल्या त्या २००७-०८च्या सुमारास. 'झी २४ तास' आलं, 'स्टार माझा' आलं, आणि ६ एप्रिल २००८ला 'आयबीएन लोकमत'. तुम्ही त्याचे संपादक. संध्याकाळी 'आजचा सवाल', सवडीने 'ग्रेट भेट'. आम्ही तोवर दिव्याला आलो होतो आणि वडिलांच्या हातातला सांजअंक जाऊन रिमोट आला होता. शिव्या त्याच राहिल्या.

'आजचा सवाल'ने मराठी घरात काय बदललं हे आज विसरायला होतं. तोवर आमदार आम्ही पाहायचो तो सत्यनारायणाला, दहीहंडीच्या मंचावर, नाहीतर बॅनरवर हात जोडलेला. त्याला कुणी "थांबा, मी जे विचारलं त्याचं उत्तर द्या" म्हणताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही ते मराठीत, रोज, जेवणाच्या वेळेला म्हणू लागलात. वडील चिडायचे, पण चॅनेल बदलायचे नाहीत. एकदा त्यांच्याच पक्षाचा प्रवक्ता तुमच्यासमोर गडबडला तेव्हा ते त्याच्यावरच उखडले, "तयारी करून यायचं ना!" एरवी पक्षाविरुद्ध शब्द न काढणाऱ्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य. तुमच्या कारकिर्दीला मिळालेल्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मी ते मोठं धरतो.

त्या कार्यक्रमाचे दोषही तिथेच होते आणि ते मी झाकणार नाही. पाहुण्याच्या उत्तराचा पहिला शब्द बाहेर पडायच्या आत तुमचा दुसरा प्रश्न जायचा. तुम्हाला पटणाऱ्या पाहुण्याला वाक्य पुरं करू द्यायचात, न पटणाऱ्याला नाही. आवाज चढला की समोरचा चुकला असा एक समज त्या काळात सगळ्याच स्टुडिओंत रुजला आणि त्यात तुमचा वाटा मोठा होता. तुम्ही निदान गृहपाठ करून ओरडायचात. तुमच्यामागून आलेल्यांनी गृहपाठ टाकून दिला आणि ओरडणं तेवढं उचललं. स्टुडिओत सहा चौकटी, सहा प्रवक्ते, आणि रोज तेच सहा. वाहिनीच्या मालकाला हे परवडतं. वार्ताहर, कॅमेरामन आणि ओबी व्हॅन दिव्याच्या फाटकापर्यंत पाठवायची तर डिझेल लागतं, दिवस जातो आणि हाती लागते ती दोन मिनिटांची बातमी. प्रवक्ता मात्र स्वतःच्या गाडीने स्टुडिओत येतो, फुकट बोलतो आणि पाऊण तास भरून देतो.

तरीही त्या चौकटींत एक गोष्ट होती. समोर खुर्ची होती आणि तिच्यात उत्तर द्यायला बांधील असलेला माणूस बसलेला होता. तो खोटं बोलेल, विषय फिरवेल, रागाने माइक काढून ठेवेल, पण तो तिथे होता आणि आम्ही त्याचा चेहरा बघत होतो.

२००९च्या नोव्हेंबरात सचिन तेंडुलकर म्हणाला की मुंबई सगळ्या भारतीयांची आहे. बाळासाहेबांनी 'सामना'तून त्याला क्रिकेटपुरतं राहायला सांगितलं. तुम्ही बाळासाहेबांवर टीका केलीत आणि २० नोव्हेंबरला विक्रोळीच्या कचेरीत शिवसैनिक घुसले, पुण्याच्या कचेरीतही. त्या रात्री आमच्या घरात वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तुमचा कार्यक्रम नेहमीच्या वेळी लावला. याचा अर्थ काय ते मी त्यांना विचारलं नाही.

तुमच्यावर टीका करणारे म्हणतात की वागळे काँग्रेसचा. 'आयबीएन लोकमत'मध्ये लोकमत समूहाची भागीदारी होती, विजय दर्डा काँग्रेसचे खासदार होते, राजेंद्र दर्डा राज्यात शिक्षणमंत्री होते, हे सगळं खरं आहे. मालक सत्तेत असताना संपादकाने सत्तेला कसं धरायचं हा प्रश्न तेव्हा तुम्हाला विचारायलाच हवा होता आणि अनेकांनी तो विचारलाही. पण मालक बदलला तेव्हा काय झालं तेही सगळ्यांनी पाहिलं. २०१४च्या मेमध्ये रिलायन्सने नेटवर्क१८ ताब्यात घेण्याची घोषणा केली आणि जुलैपर्यंत राजदीप सरदेसाई, सागरिका घोष आणि तुम्ही, तिघेही बाहेर होता. २०१७च्या जुलैत 'टीव्ही९ मराठी'वरचं 'सडेतोड' अचानक थांबलं. मग उरलं ते तुमचं स्वतःचं चॅनेल, यूट्यूबवर.

आता माझं भांडण सुरू होतं.

२ जानेवारी २०१५. सकाळी ठाकुर्लीजवळ पेंटोग्राफचा बिघाड झाला, गाड्या थांबल्या, आणि दिवा स्टेशनात आधीच साचलेला राग रुळांवर उतरला. दगडफेक झाली, पोलिसांच्या गाड्या जळल्या, मोटरमनना मार बसला, मध्य रेल्वे कित्येक तास ठप्प. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या स्टेशनाचं नाव राष्ट्रीय वाहिन्यांवर पाहिलं. तुम्ही तेव्हा 'आजचा सवाल'च्या खुर्चीत नव्हतात. स्टुडिओत चर्चा झाली ती प्रवाशांना कोणी चिथावलं याची. जलद गाड्या तेव्हा आमच्यासमोरून धडधडत निघून जायच्या आणि डोंबिवलीहून खच्चून भरलेल्या धीम्या लोकलच्या दारात दिव्याच्या माणसाला पायही ठेवू देत नसत, हे रोजचं दुखणं दोन वाक्यांत उरकलं गेलं. जलद लोकल दिव्याला थांबायला लागल्या त्या १८ डिसेंबर २०१६पासून. त्या जाळपोळीचं मी समर्थन करत नाही. जखमी झालेला मोटरमन आमच्यासारखाच नोकरीला निघालेला माणूस होता. पण लोकांनी यातून काय धडा घेतला असेल ते तुम्हीच सांगा. वर्षानुवर्षं दिलेली निवेदनं कुठे गेली ते कळलं नाही, आणि दगड मात्र दिल्लीला पोचला.

त्याला दहा वर्षं उलटून ९ जून २०२५ उजाडला. मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकणारी माणसं खाली पडली. चौघे त्याच दिवशी गेले. पुन्हा ओबी व्हॅन आल्या, पुन्हा दोन दिवस आपोआप बंद होणाऱ्या दारांवर चर्चा झाली. दिव्याहून मुंबईकडे सुटणारी लोकल द्या ही आमची मागणी त्या दोन दिवसांत कुणी उच्चारली असेल तर माझ्या कानावर आली नाही.

तुम्ही म्हणाल, मी राजकारणावर बोलतो, रेल्वेच्या वेळापत्रकावर नाही. मग राजकारणाचंच घेऊ.

२ फेब्रुवारी २०२४च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात गोळीबार झाला. भाजपचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली, शिंदे गटाचे शहरप्रमुख महेश गायकवाड जखमी. पोलिस ठाण्यातला गोळीबार आणि त्याचं सीसीटीव्ही चित्रण. वाहिन्यांना याहून काय हवं? पुढचा आठवडाभर भाष्यकारांनी एकच प्रश्न चघळला, आता शिंदे आणि फडणवीस यांचं काय होणार, महायुती टिकणार का. भांडण मुळात द्वारली गावातल्या एका जमिनीवरून होतं. ती जमीन कुणाची, तिच्यावर डोळा कुणाचा, विकासक कोण, जमिनीच्या व्यवहारात आमदार आणि शहरप्रमुख या दोघांनाही रस का असतो, हे कुणी उलगडून सांगितलं नाही. मी जेवढं पाहिलं त्यात तुम्हीही नाही. कल्याण-डोंबिवली-दिवा पट्ट्यात राजकारण म्हणजे जमीन. पक्ष नंतर येतो. इथला नगरसेवक आधी सातबारा वाचायला शिकतो, जाहीरनामा नंतर. पोलिस ठाण्यात सुटलेली गोळी हे त्या राजकारणाचं शेवटचं पान होतं. तुम्ही सगळ्यांनी तेवढंच वाचून दाखवलंत.

४ एप्रिल २०१३ आठवतो? शिळफाट्याजवळ लकी कम्पाउंडमधली बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली. आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर. तुम्ही तेव्हा संपादक होतात. पालिकेचे अधिकारी पकडले गेले, नगरसेवकही पकडला गेला. त्यानंतर दिव्यात अनधिकृत इमारत उभी राहायची थांबली का? मी ज्या इमारतीत राहतो तिचे कागद मला विचारू नका. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचे कागद बनावट निघाले, उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या, आणि आयुष्याची पुंजी घातलेली कुटुंबं रस्त्यावर यायची वेळ आली. बनावट परवानगीवर दहा-बारा महिने इमारत चढत असताना पालिकेच्या प्रभाग समितीतलं कुणीही त्या रस्त्याने गेलं नसेल काय? हा प्रश्न कायद्याचा नाही, राजकीय आहे. तो विचारायला संपादकाचा अनुभव लागतो, धमकी पचवायची सवय लागते आणि मोठा प्रेक्षकवर्ग लागतो. तुमच्याकडे तिन्ही आहेत.

३० जून २०२२ला ठाण्याचा माणूस, एकनाथ शिंदे, मुख्यमंत्री झाला. त्याआधीचे दहा दिवस सुरत, गुवाहाटी, झाडी आणि डोंगर यांत गेले. ठीक आहे, सत्तांतर होतं, दाखवायलाच हवं. न्याय म्हणून हेही सांगतो की ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं आमच्या उशाशी टाकला जात होता, ते दिव्याचं डम्पिंग २०२३च्या सुरुवातीला बंद झालं. धुरात जगलेल्या माणसाला त्याची किंमत कळते. पण कचरा गेला तो भंडार्लीला. तिथल्या गावकऱ्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं, हा प्रश्न आम्ही दिवेकरांनीही फारसा विचारला नाही, कारण आमचा धूर गेला होता. राज्यातली सत्ता ठाण्यात होती, खासदार श्रीकांत शिंदे मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव होते, आणि ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपल्यावर कित्येक वर्षं तिथे निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक. त्या काळात गटाराची तक्रार घेऊन आम्ही कुठे जायचं? लोकशाहीवर तुम्ही त्या वर्षांत शेकडो तास बोलला असाल. संसद, निवडणूक आयोग, न्यायालय, राज्यपाल, सगळं आवश्यक. पण आमच्या गल्लीतली लोकशाही कुलूप लावून ठेवली होती आणि तिच्यावर तुमच्या वाट्याला किती मिनिटं आली?

यात तुमचा स्वभाव आड येत नाही. 'महानगर'चा संपादक गल्लीत शिरायचा. आड येतं ते तुम्हाला आता मिळालेलं माध्यम, असं माझं मत आहे.

यूट्यूबने तुम्हाला मालकापासून सोडवलं. ते छान झालं. पण समोरची खुर्चीही त्याच वेळी गेली. आता तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून बोलता, बाजूने अभिप्राय सरकत जातात, "वागळे सर, जबरदस्त", "तुम्हीच खरे पत्रकार". सत्तेतला माणूस माझ्या पाहण्यात तुमच्यासमोर क्वचितच बसतो. तो का बसेल? त्याचं स्वतःचं चॅनेल आहे, स्वतःचा कॅमेरामन आहे, सोयीची मुलाखत घेणारे रांगेत आहेत. जिथे देशाचे पंतप्रधान खुल्या पत्रकार परिषदेत प्रश्न घेत नाहीत तिथे ठाण्याचा नगरसेवक तुमच्यापुढे का घाम गाळेल? दोष त्यांचा आहे. परिणाम मात्र तुमच्यावर झालाय. तुमचा प्रश्न आता प्रश्नासारखा ऐकू येत नाही. उत्तर द्यायला समोर कुणी नसलं की तो भाषणाचा एक अलंकार होतो.

संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. उभ्या माणसांच्या खांद्यांच्या फटीतून मोबाइल दिसतात. एकाच्या पडद्यावर तुम्ही, दुसऱ्याच्या पडद्यावर तुमच्या विरुद्ध बाजूचे पत्रकार भाऊ तोरसेकर आणि त्यांचं 'प्रतिपक्ष' चॅनेल. दोघांच्याही कानांत इअरफोन. मुंब्र्याच्या खाडीपाशीही ते दोघं एकमेकांना चिकटून उभे असतात आणि दिव्याला एकत्रच ढकलले जाऊन उतरतात. चाळीच्या गॅलरीत माझे वडील आणि समाजवादी मास्तर तुमच्या एकाच अग्रलेखावर भांडायचे. आता तुमचे ऐकणारे तुम्हाला ऐकतात, त्यांचे त्यांना. तुमचा विरोधक तुम्हाला वाचायचा तो काळ गेला, आणि तुम्हाला माहीत आहे की नाही ठाऊक नाही, पण तुमचं सगळ्यात मोठं नुकसान ते आहे. हल्ल्यांपेक्षाही.

हल्ल्यांची गोष्ट निघालीच आहे तर ९ फेब्रुवारी २०२४चीही सांगतो. पुण्यात राष्ट्र सेवा दलात 'निर्भय बनो'ची सभा. अडवाणींच्या भारतरत्नावर तुम्ही लिहिलेल्या मजकुरावरून भाजपचे कार्यकर्ते चिडलेले. तुम्ही, असीम सरोदे, विश्वंभर चौधरी ज्या गाडीत होतात तिच्या काचा फुटल्या, शाई, अंडी, दगड. तुम्ही सभेला पोचलात आणि बोललात. चौसष्टाव्या वर्षी. बघताना माझ्या मनात आलं की १९९१मध्ये वागळेंना शिवसेनेने मारलं, २००९मध्ये शिवसेनेने मारलं, आता दुसऱ्यांनी. आणि मधल्या काळात शिवसेनेचा एक तुकडा तुम्हाला आपला वाटायला लागला, किंवा त्यांना तुम्ही. जुने शिवसैनिक आता तुमचे व्हिडिओ पुढे पाठवतात. वडील असते तर त्यांनी काय केलं असतं याचा अंदाज मला येत नाही, पण एक प्रश्न त्यांनी नक्की विचारला असता. आता उद्धवजींच्या पक्षाला तो वागळे १९९१चे प्रश्न विचारतो का? माझाही तो प्रश्न आहे. मुंबई महापालिकेत शिवसेना पंचवीस वर्षं सत्तेत होती. ठाण्यातही दीर्घकाळ तीच होती, आणि तेव्हा एकनाथ शिंदे त्याच पक्षात होते. दिव्याच्या या अवस्थेला दोन्ही तुकडे सारखेच जबाबदार आहेत. कोण कुठल्या बाजूला गेला यावरून जुना हिशेब मिटत नाही. तुम्ही तो मिटू देऊ नये.

आता मागणी.

दिव्यावर एक कार्यक्रम करा, असं मी म्हणणार नाही. तसे कार्यक्रम होतात. निवेदक फाटकावर उभा राहतो, पाठीमागे गर्दी, एक आजी पाण्याबद्दल रडते, संगीत वाजतं, संपलं. मला तुमच्याकडून ते नको. मला 'आजचा सवाल' हवाय, वेगळ्या जागी. खासदाराला, कल्याण ग्रामीणच्या आमदाराला, ठाण्याच्या आयुक्तांना आणि मध्य रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांना लेखी बोलावणं पाठवा. माणूस एकेक, दिवस वेगळा, विषय आधी कळवलेला. फाटकावरचा उड्डाणपूल इतकी वर्षं का लोंबकळला आहे, रेल्वेचा भाग किती आणि पालिकेचा किती, जमीन कुणाची अडली आहे. फाटक उघडलं की लोकल थांबतात आणि बंद केलं की रस्ता थांबतो, हे एका महानगर प्रदेशाला शोभतं का. कोरोनानंतर रत्नागिरी पॅसेंजर दादरपर्यंत न नेता दिव्यालाच संपवली, तर सामान घेऊन उतरणाऱ्या कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी इथे काय सोय केली. म्हातार्डीत बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक येतंय, तिथून अहमदाबादला किती तासांत पोचू हे आम्हाला पाठ झालं आहे. साबे गावातून दिवा स्टेशनला पावसाळ्यात किती वेळात पोचतो ते कुणीतरी मोजा. आणि प्रत्येक अनधिकृत इमारतीला पाण्याची आणि विजेची जोडणी कुणाच्या सहीने मिळाली. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना सगळे पक्ष एकाच सुरात गप्प होतील. तिथेच थांबा, पुढचा प्रश्न विचारू नका. या वेळी खरंच थांबा, समोरच्याला बोलू द्या.

ते येणार नाहीत, असं तुम्ही म्हणाल. कदाचित. मग रिकामी खुर्ची दाखवा. पाठवलेल्या पत्राची तारीख दाखवा, स्मरणपत्राची दाखवा, कार्यालयातून काय उत्तर आलं ते वाचून दाखवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवा. तुमच्या चॅनेलवर रोज येणाऱ्या हजारो माणसांना एकाच लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाचा तोच प्रश्न तीन महिने ऐकवा. दिल्लीवर बोलताना तुमच्या बोलण्याचा परिणाम कुणालाच मोजता येत नाही, ना तुम्हाला ना मोदींना. कल्याण ग्रामीणच्या आमदारावर तो पंधरा दिवसांत मोजता येईल, कारण त्याच्या मतदाराच्या हातात तो मोबाइल आहे.

आणखी एक. येताना भाऊ तोरसेकरांनाही घेऊन या. हा विनोद नाही. तुम्ही दोघे एकाच पिढीच्या मराठी पत्रकारितेतले आहात, दोघांनीही साप्ताहिकांचे आणि सांजदैनिकांचे दिवस पाहिलेत, आणि या गाडीच्या डब्यातला जवळजवळ प्रत्येक मराठी इअरफोन तुमच्यापैकी एकाच्या नाहीतर दुसऱ्याच्या मालकीचा आहे. मोदींवर तुमचं एकमत होणार नाही, त्याची गरजही नाही. आमच्या नळाला पाणी रात्री दोन वाजता का येतं, यावर मात्र दोघांनी एकाच अधिकाऱ्याला एकाच टेबलावर विचारलं तर त्या अधिकाऱ्याला कुठल्या पक्षाची ढाल पुढे करायची ते कळणार नाही. मला त्याचा तो चेहरा बघायचा आहे.

जागेची काळजी करू नका. दिवा पूर्वेला शाळेचं पटांगण मिळतं, मंडपवाला ओळखीचा आहे, माइक गणेशोत्सव मंडळाचा घेऊ. पोलिस परवानगी आम्ही काढू. तुमच्या नावावर ती लवकर मिळत नाही हे माहीत आहे, म्हणून अर्ज 'नागरी समस्यांवर चर्चा' या नावाने करू, आणि ते खोटंही नाही. दगड मारायला कुणी आलं तर आलं. इथे दगडाला कुणी नवखं नाही.

रविवारी ठेवू नका, मेगाब्लॉक असतो. शनिवारी संध्याकाळी दादरहून गाडी पकडा, आणि डोंबिवलीकरांच्या मागे आत शिरू नका, दाराच्या डाव्या बाजूला उभे राहा. ठाणे सुटलं की लगेच दाराकडे सरकायला लागायचं, नाहीतर उतरता येत नाही आणि पुढचा मुक्काम डोंबिवली होतो. मी फलाट क्रमांक कळवीन.

आपला,
दिवा (पूर्व) येथील एक प्रेक्षक